शब्दांची सोयरीक : 'मॅरीड विथ' की 'मॅरीड टू'?

'मॅरीड विथ' की 'मॅरीड टू'? उत्तर आपल्यापैकी बहुतेकांना पाठ आहे : 'टू'. पण 'टू'च का, असं विचारलं की वर्गात शांतता पसरते. 'असंच असतं' हेच त्याचं प्रामाणिक उत्तर आहे, आणि माझं म्हणणंही तिथूनच सुरू होतं. जी गोष्ट केवळ 'असंच असतं' म्हणून बरोबर ठरते, ती एखाद्याला आली नाही तर आपण त्याला बुद्धीनं कमी का समजतो?

इंग्रजी क्रियापदाचं तिसरं रूप, म्हणजे शाळेत आपण ज्याला 'व्ही थ्री' म्हणायचो ते पास्ट पार्टिसिपल, वाक्यात पुष्कळदा आपलं ठरलेलं प्रेपोझिशन बरोबर घेऊन येतं. मॅरीड टू, बेस्ड ऑन, फिल्ड विथ, टायर्ड ऑफ, डिव्हायडेड इन्टू, नोन फॉर. यातलं काहीही अवघड साहित्यिक इंग्रजी नाही. रोज बोलण्यातलं आहे. आणि नेमकं तिथंच आपली जीभ अडखळते. स्पर्धा परीक्षांच्या क्लासमध्ये याच्या याद्यांच्या झेरॉक्स मिळतात. त्या पाठ करायच्या, पेपरात लिहायच्या आणि विसरायच्या.

गंमत अशी, की आपल्या मराठीत अगदी हाच प्रकार आहे आणि त्याची यादी आपल्याला कुणी कधी दिलेली नाही. इंग्रजीतल्या 'व्ही थ्री'चं काम आपल्याकडे '-लेला, -लेली, -लेलं' ही रूपं करतात. व्याकरणात त्यांना धातुसाधित विशेषणं म्हणतात. आता त्यांच्या आधी काय येतं ते बघा. फुलांनी भरलेलं झाड. पावसात भिजलेला, पण घामानं भिजलेला. माझ्यावर रागावलेली. कुत्र्याला घाबरलेला. गर्दीला सरावलेला. कटकटीला कंटाळलेली. राग 'वर' येतो आणि भीती 'ला' वाटते, हे आपण कुठल्या इयत्तेत शिकलो? कुठल्याच नाही. घरात ऐकलं, कानात बसलं. 'मी कुत्र्यावर घाबरलो' असं तीन वर्षांचं मूलही सहसा म्हणत नाही.

म्हणजे दोन्ही भाषांत शब्दांच्या सोयरिकी ठरलेल्या आहेत. फक्त एका भाषेतल्या जोड्या आपल्यासमोर जमल्या आणि दुसरीतल्या आपण छापील यादीत वाचल्या.

चुका कुठं होतात हे बारकाईनं पाहिलं तर त्या वाटेल तशा होत नाहीत, असं लक्षात येतं. 'बेस्ड ऑन' सहसा कुणी चुकत नाही, कारण आपणही 'कादंबरीवर आधारलेला सिनेमा' असंच म्हणतो. 'इंटरेस्टेड इन' चुकत नाही, कारण आपल्यालाही क्रिकेट'मध्ये' रस असतो. चूक होते ती दोन भाषांच्या वाटा फुटतात त्या वळणावर. आपलं लग्न कुणा'शी' होतं, म्हणून आपण 'मॅरीड विथ' म्हणतो. जर्मन आणि स्पॅनिश भाषांतही लग्न 'बरोबर' याच अर्थाच्या शब्दानं जोडतात, त्यामुळे त्या भाषा बोलणारे लोकही इंग्रजीत येताना याच दगडाला ठेचकाळतात. आपण 'तीन भागांत' वाटणी करतो, म्हणून 'डिव्हायडेड इन थ्री पार्ट्स' तोंडात येतं. चूक करणारा माणूस नियम मोडत नसतो. तो नियम पाळतच असतो, फक्त आपल्या भाषेचा.

हे मला कळलं ते पुस्तकातून नाही, माळव्यामुळे. माझं आजोळ देवासचं, आणि आत्या धारला दिलेली. आता हे वाक्यच बघा. 'धारला दिलेली'. मराठीत लग्न होतं कुणा'शी', पण मुलगी दिली जाते कुणा'ला'. 'मॅरीड टू' मधला 'टू' लक्षात ठेवायला मला तरी यापेक्षा चांगली खूण सापडलेली नाही. (मुलगी ही काय 'द्यायची' वस्तू आहे का, हा वाद आहेच. त्यावर मंडळाच्या पुढच्या अंकात लिहायला मी तयार आहे!)

धार आणि देवास ही पवारांची संस्थानं. अठराव्या शतकात मराठी फौजांबरोबर ही घराणी माळव्यात गेली, त्यांच्यामागून कारकून, पुरोहित, शिक्षक, वैद्य गेले, आणि मराठी तिथं दरबारात आणि घराघरांत स्थिरावली. दरबार गेले, 1948 मध्ये मध्य भारत आणि 1956 मध्ये मध्य प्रदेश झाला, शाळा हिंदी झाल्या. घरातली मराठी मात्र राहिली. पण ती हिंदी आणि माळवी यांच्या शेजारात राहिली, आणि शेजाराचा परिणाम सगळ्यात आधी होतो तो या छोट्या छोट्या जोडशब्दांवर. हिंदीत 'उससे पूछा', 'उससे मिला'. सगळीकडे 'से'. त्यामुळे माझी मामी सहज म्हणते, 'तिच्याशी विचार ना', 'मी काल त्यांच्याशी भेटून आले'. आपण इथं 'तिला विचार', 'त्यांना भेटून आले' म्हणू.

आणि इंग्रजीतही तोच 'से' बरोबर येतो. हिंदीत भांडं 'पानी से भरा हुआ', म्हणून माझी देवासची मामेभावंडं 'फिल्ड फ्रॉम वॉटर' म्हणताना मी ऐकली आहेत. माझे इथले मित्र चुकतात तेव्हा 'फिल्ड बाय वॉटर' म्हणतात, कारण आपलं भांडं 'पाण्यानं' भरतं. चूक एकाच जागी, पण दोघांची वेगवेगळी. भीतीचंही तसंच. हिंदीत माणूस कुत्ते 'से' डरा हुआ, मराठीत कुत्र्या'ला' घाबरलेला, इंग्रजीत स्केअर्ड 'ऑफ' डॉग्ज. कुत्रा तोच, भीती तीच. यातलं कुठलं जास्त 'लॉजिकल'? कुठलंच नाही.

तरीही प्रेपोझिशन म्हणजे नुसती लहर आहे, असं मी म्हणणार नाही. बऱ्याच ठिकाणी त्याच्यामागे अर्थ असतो, आणि तो समजला की पाठांतर निम्मं होतं. देवासच्याच दोन उदाहरणांवर बघू.

पहिलं उदाहरण गावाचंच. तुकोजी आणि जिवाजी या दोन पवार भावांमुळे देवासची थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थानं झाली. एकाच गावात दोन राजे, दोन दरबार. मुख्य रस्त्याच्या दोन बाजूंचा कारभारसुद्धा वेगळा होता. हे इंग्रजीत सांगायचं तर एकाच 'डिव्हायडेड'ला तीन सोबती लागतात. देवास दोन संस्थानांत वाटलं गेलं : डिव्हायडेड 'इन्टू'. दोन भावांमध्ये वाटलं गेलं : डिव्हायडेड 'बिटवीन'. रस्त्यानं दुभागलं गेलं : डिव्हायडेड 'बाय'. तुकडे किती झाले, ते कुणाच्या वाट्याला गेले आणि मधे रेघ कशाची पडली, अशा तीन प्रश्नांची ही तीन उत्तरं. मराठीत याच जागी 'त', 'मध्ये' आणि 'नं' येतात. आपल्याला हा फरक कळत नाही असं नाहीच.

दुसरं उदाहरण कुमार गंधर्वांचं. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेले शिवपुत्र कोमकली 'कुमार गंधर्व' म्हणून ओळखले गेले : नोन 'ॲज'. 1948 पासून ते देवासला राहिले आणि निर्गुणी भजनांबद्दल त्यांची ख्याती झाली : नोन 'फॉर'. संगीत ऐकणाऱ्या प्रत्येकाला ते माहीत आहेत : नोन 'टू'. एक 'नोन', आणि 'ॲज'नं नाव सांगितलं, 'फॉर'नं कारण सांगितलं, 'टू'नं ओळखणारा सांगितला.

इथं एक उलटा प्रवासही दिसतो. आजकाल बातम्यांमध्ये 'ते निर्गुणी भजनांसाठी ओळखले जातात' अशी वाक्यं सर्रास येतात. हे 'साठी' कुठून आलं? 'नोन फॉर' मधला 'फॉर' मराठी कपडे घालून आला आहे. मराठी माणूस एखाद्या गोष्टी'बद्दल' प्रसिद्ध असायचा. म्हणजे आपण मराठीतून इंग्रजीत जाताना 'विथ' घेऊन गेलो तर ती चूक ठरते, आणि इंग्रजीतून मराठीत येताना 'साठी' घेऊन आलो तर ती बातमीची भाषा होते.

कधी कधी दोन्ही भाषा तोच फरक वेगळ्या रस्त्यानं दाखवतात. 'टायर्ड फ्रॉम वॉकिंग' म्हणजे चालून थकलेला. 'टायर्ड ऑफ वॉकिंग' म्हणजे चालण्याला कंटाळलेला. इंग्रजीनं एकाच 'टायर्ड'ला दोन प्रेपोझिशन्स लावून जे साधलं, ते मराठीनं दोन वेगळी क्रियापदं घेऊन साधलं. 'मेड ऑफ' आणि 'मेड फ्रॉम'चा घोळ तर आपल्याला व्हायलाच नको. टेबल लाकडा'चं', पण गूळ उसा'पासून' केलेला. मूळ पदार्थ डोळ्यांना दिसतो तिथं 'चा', रूप पालटलं तिथं 'पासून'. 'ऑफ' आणि 'फ्रॉम'चा ढोबळ नियम हाच आहे. इंग्रजीच्या तासाला हे एक वाक्य मराठीत सांगितलं असतं तर किती जणांची झेरॉक्स वाचली असती!

आता मुद्द्याचं. माझा एक मामेभाऊ इंदूरला नोकरीच्या मुलाखतीला गेला होता. घरच्यांबद्दल विचारलं तेव्हा तो म्हणाला, 'माय सिस्टर इज मॅरीड विथ ॲन इंजिनिअर.' समोरच्यांपैकी दोघं एकमेकांकडे बघून हसले. बास, एवढंच. कुणी अपमान केला नाही, कुणी दुरुस्तही केलं नाही. पण त्यानंतर तो प्रत्येक प्रश्नाला चार शब्दांत उत्तर देऊन आला. ज्या विषयाची मुलाखत होती त्यात तो माझ्यापेक्षा कितीतरी हुशार आहे. त्या दिवशी ते कुणाला कळलं नाही, कारण वाक्य तोंडातून बाहेर काढण्याआधी तो त्यातली प्रेपोझिशन्स तपासत बसला होता.

आणि हाच मुलगा पुण्या-मुंबईत नातेवाइकांकडे आला की 'तिच्याशी विचारलं' म्हणाल्यावर पुन्हा हशा होतो. 'अरे, ही कुठली मराठी?' इंग्रजीत मराठी-हिंदीचा दोष, मराठीत हिंदीचा दोष. त्यानं बोलायचं तरी कुठं? हसणाऱ्यांनी आपलं बोलणं एकदा रेकॉर्ड करून ऐकावं. 'माझी मदत कर ना' हे आपल्या कँटीनमध्ये दिवसातून दहादा ऐकू येतं. मराठीत मदत 'माझी' नव्हे, 'मला' करायची असते. ही हिंदीतल्या 'मेरी मदद'ची कृपा. ती मुंबईत झाली म्हणून चालते आणि देवासला झाली की विनोद होतो!

यावर कुणी म्हणेल, मग काहीही बोललं तरी चालेल का? नियम नकोतच का? मला तसं म्हणायचं नाही. धारशी नातं असलेल्या माणसाला तसं म्हणताही येणार नाही, कारण ते व्याकरणाचं गाव आहे. राजा भोजानं 'सरस्वतीकंठाभरण' नावाचा व्याकरणग्रंथ लिहिला. धारच्या भोजशाळेत परमार काळातले शिलालेख आहेत, त्यांत संस्कृत वर्णमाला आणि क्रियापदांचे प्रत्यय सापाच्या वेटोळ्यांच्या आकृतीत कोरले आहेत. त्यांना सर्पबंध म्हणतात. धार संस्थानच्या शिक्षणखात्याचे प्रमुख का. कृ. लेले यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथले लेख अभ्यासकांपुढे आणले. प्रत्ययांचं कोष्टक कुणालातरी दगडावर कोरून ठेवावंसं वाटलं, यातच व्याकरणाबद्दलचं प्रेम दिसतं. ते कोष्टक सगळ्यांना दिसावं म्हणून कोरलेलं असणार, कुणाला हसण्यासाठी नाही.

भोजाच्या नावावर एक गोष्टही सांगतात. राजा पालखीतून चालला होता. भोई दमलेला दिसला म्हणून त्यानं विचारलं, दांड्यानं खांदा दुखतो का? विचारताना त्यानं 'बाधते' ऐवजी 'बाधति' असं चुकीचं रूप वापरलं. भोई म्हणाला, दांड्यानं दुखत नाही इतका तुमचा 'बाधति' दुखतो. कुणी ही गोष्ट भोजाची सांगतं, कुणी दुसऱ्या पंडिताची. मला त्यातली दिशा आवडते. इथं चूक दाखवतो ओझं वाहणारा, आणि ऐकून घेतो पालखीत बसलेला. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. पालखीत बसलेले खांद्यावरच्यांची प्रेपोझिशन्स मोजत असतात.

देवासलाही अशीच एक चूक जगाच्या साहित्यात गेली. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर 1921 मध्ये काही महिने देवास थोरल्या पातीचे महाराज तिसरे तुकोजीराव यांचे खाजगी सचिव होते. तिथं पाहिलेला गोकुळाष्टमीचा उत्सव त्यांनी 'अ पॅसेज टू इंडिया' या 1924 च्या कादंबरीच्या शेवटच्या भागासाठी वापरला. त्यात तुकारामाचं नाव घेत गाणारे लोक आहेत, आणि ईश्वर म्हणजे प्रेम अशा अर्थाची एक इंग्रजी पाटीही आहे. पाटी रंगवणाऱ्यानं 'इज'ची दोन अक्षरं उलटी लिहिली आहेत. बायबलमधलं हे वचन आपल्या कॉलेजात कुणाला नवं नाही. मला सांगा, ती पाटी वाचून अर्थ कळायचा कुणाचा राहिला असेल? वाचणारा हसतो, हे खरं. पण ज्या उत्सवात ती पाटी लावली होती त्या उत्सवाचं म्हणणं तिच्यातून पोचतंच.

उलट बाजूनं आलेल्यांनाही हे कष्ट पडले असणार. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट 1579 मध्ये गोव्याला आले. त्यांचं मराठी ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' 1616 मध्ये छापून आलं, आणि त्यांनी लिहिलेलं कोंकणीचं व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर 1640 मध्ये प्रसिद्ध झालं. ज्या माणसाच्या कानात लहानपणापासून 'टू' आणि 'विथ' होते, त्याला 'ला' आणि 'शी' सुरुवातीला सरळ आले असतील का? त्यांना कुणीतरी शांतपणे दुरुस्त केलं असेल आणि पुढं बोलू दिलं असेल. नाहीतर एवढं पुराण लिहून झालं नसतं.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. चूक दुरुस्त करावी, जरूर करावी. परीक्षेत मार्क जातात, नोकरीच्या अर्जात छाप पडते, ही खोटी गोष्ट नाही. पण दुरुस्ती करताना ती चूक कुठून आली हेही सांगावं. 'हे चूक आहे' एवढंच ऐकलेला मुलगा गप्प होतो. 'मराठीत लग्न कुणाशी होतं म्हणून तू विथ म्हणालास, इंग्रजीत टू म्हणतात' हे ऐकलेला मुलगा दोन भाषा शिकतो. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेनं आपल्या आजोबा-पणजोबांना मराठीच्या बोटाला धरूनच इंग्रजी शिकवलं होतं. इंग्रजीच्या तासाला मराठी शब्द उच्चारणं म्हणजे गुन्हा, ही समजूत नंतरची आहे.

आणि इंग्रजांच्या घरातही सगळं ठरलेलं आहे असं समजू नका. 'बोअर्ड विथ' हे जुनं रूप. नवी पिढी सर्रास 'बोअर्ड ऑफ' म्हणते आणि तिथले जुने लोक नाक मुरडतात. म्हणजे सोयरिकी तिथंही मोडतात आणि नव्या जुळतात.

आपल्या वाङ्मय मंडळाला एक सुचवावंसं वाटतं. या वर्षीच्या भित्तिपत्रकावर तीन रकान्यांचा एक तक्ता करू या : इंग्रजी, आपली मराठी, आणि घरची बोली. घरची बोली म्हणजे माळव्याची मराठी, वसईची सामवेदी किंवा वाडवळी, मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी, ज्याची जी असेल ती. इंग्रजी विभागातल्या सरांना आणि मॅडमना पहिला रकाना तपासायला सांगू. तिसरा रकाना तपासायचा अधिकार मात्र ज्याच्या-त्याच्या आजीला.

सुरुवातीच्या दोन ओळी मी देते. 'मॅरीड टू धार' असं इंग्रजीत कुणी म्हणणार नाही, पण 'धारला दिलेली' असं आमच्या घरात रोज म्हणतात, म्हणून पहिली ओळ 'मॅरीड टू'ची. दुसरी 'फिल्ड विथ'ची : मुंबईत पाण्यानं भरलेलं, देवासला 'पानी से'. तिसरी 'स्केअर्ड ऑफ'ची. तिच्यात माझे दोन रकाने भरलेले आहेत, तिसरा रिकामा आहे. तुमच्या घरी कुत्र्याला घाबरलेल्या माणसाला काय म्हणतात, ते येत्या सोमवारपर्यंत मंडळाच्या पेटीत लिहून टाका.